कौल टाकला की लोक टिचकी मारून पसार होतात. काय चुकतंय?

अर्धविराम
मंडळी, लेखमालेच्या प्रत्येक भागाखाली वाचकांसाठी कौल ठेवावा का, आणि ठेवायचा तर कसा, यावर जाणकारांची मतं हवी आहेत. अपेक्षा दोनच. गप्प वाचकाला हात वर करायला सोपी वाट मिळावी, आणि त्यातून खाली चर्चा पेटावी. पहिलं जमतं, दुसरं जमत नाही. मतं शंभरेक पडतात, प्रतिसाद येतात तीन, त्यातला एक 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

पुढच्या भागाखालचा कौल असा ठरतोय:

लेखांची लांबी आणि भाषा तुम्हाला आवडते ना?
१. हो, खूप
२. हो
३. बरी आहे
४. लेख छोटे हवेत

बिनधास्त चिरफाड करा.

रिकामटेकडा
५. कौल छोटा हवा.

खोडरबर
पाच ओळींत पाच चुका. सरासरी चांगली राखली आहे.

पहिली, 'आणि'. ज्याला लांबी पटते पण भाषा जड वाटते त्याने कुठे टिचकी मारायची? तो 'बरी आहे' दाबणार, आणि त्या 'बरी'चा अर्थ तुम्हाला कधीच कळणार नाही. प्रश्नात 'आणि', 'किंवा', 'तसेच' दिसलं की थांबा. तिथे बहुतेक वेळा दोन प्रश्न एकाच अंगरख्यात कोंबलेले असतात.

दुसरी, 'ना?'. हा प्रश्न नाही, लाडीगोडी आहे. समोरच्याला 'नाही' म्हणायला संकोच वाटेल अशी वाक्यरचना केली की उत्तरात संकोच मोजला जातो, मत नाही.

तिसरी, मोजपट्टी एका बाजूला झुकलेली आहे. दोन पर्याय कौतुकाचे, एक कोमट, नापसंतीचा एकही नाही. निकाल मतदानाआधीच लागला.

चौथी, चौथा पर्याय वेगळ्याच पट्टीवरचा आहे. वरचे तीन 'किती आवडतं' सांगतात, हा 'काय बदला' सांगतो. ज्याला खूप आवडतं पण छोटे हवेत, त्याची दोन उत्तरं आहेत आणि मत एकच.

पाचवी, 'अजून वाचलेलं नाही' हा पर्याय नाही. नुसता डोकावणारा माणूसही काहीतरी दाबतोच. त्याला वाट दिली नाहीत तर तो खऱ्या मतांत पाणी घालतो.

घुबड
खोडरबर यांच्याशी सहमत. फक्त तिसऱ्या मुद्द्यावर एक शंका. नापसंतीचे दोन, पसंतीचे दोन आणि मध्ये 'ठीक' असं समतोल केलं की निम्मे लोक मधल्या फळीवर बसकण मारतात. मग कशावर बोलणार? चर्चा हवी असेल तर मधला पर्याय काढूनच टाकावा.

खोडरबर
@घुबड, मोजायचं असेल तर काढू नका. ज्याचं मत खरोखर मधलं आहे त्याला तुम्ही ढकलून एका बाजूला पाडता, आणि तो कुठे पडेल हे त्याच्या त्या क्षणाच्या मूडवर ठरतं. 'ठीक' आणि 'सांगता येत नाही' यांतही फरक आहे. पहिला मत देतो, दुसऱ्याकडे मतच नाही. दोघांना एका खुर्चीवर बसवलं की मधला आकडा निरुपयोगी होतो.

घुबड
मोजायचंय कुणाला? धागाकर्त्याला बोलणारी माणसं हवी आहेत. ढकललेला माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस खाली येऊन लिहितो की 'दोन्ही पर्याय चुकीचे आहेत'. हाच तर हवा असलेला प्रतिसाद!

शून्यपूर्णांक
दोघंही बरोबर आहात, कारण दोघं वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. अर्धविराम, आधी तुम्ही ठरवा. कौल दोन जातींचे असतात. एक निर्णयासाठी: पुढचा विषय कोणता, लेख आठवड्याला की पंधरवड्याला. तिथे पर्याय नेटके, समतोल, सगळ्यांना सामावणारे हवेत. दुसरा ठिणगीचा: तिथे दोनच धारदार पर्याय, मधली जागा नाही, आणि निकालावरून काहीही ठरवायचं नाही. घोळ होतो तो ठिणगीचा कौल टाकून त्याचे टक्के पुढच्या लेखात पुरावा म्हणून मिरवले जातात तेव्हा.

मध्यक
शब्दरचनेने किती फरक पडतो याचं जुनं उदाहरण देतो. १९४१ साली अमेरिकेत डोनाल्ड रग यांनी एकाच मुद्द्याचे दोन प्रश्न तपासले. लोकशाहीविरोधी भाषणांना 'परवानगी द्यावी का?' असं विचारल्यावर मत देणाऱ्यांपैकी ७५ टक्के 'नाही' म्हणाले. त्याच भाषणांवर 'बंदी घालावी का?' असं विचारल्यावर 'हो' म्हणणारे फक्त ५४ टक्के. परवानगी न देणं आणि बंदी घालणं व्यवहारात एकच, पण 'बंदी' शब्द कानाला कडक लागतो. एकवीस टक्के नुसते एका शब्दापायी सरकले.

दुहेरी नकाराचं उदाहरण तर याहून वाईट. १९९२ मध्ये रोपर संस्थेच्या पाहणीत अमेरिकनांना विचारलं गेलं की नाझींनी केलेला ज्यूंचा संहार 'कधी झालाच नाही हे तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य वाटतं?' २२ टक्के 'शक्य' म्हणाले आणि मोठी खळबळ उडाली. प्रश्न सरळ करून १९९४ साली पुन्हा विचारला तेव्हा तो आकडा एक टक्क्याच्या आसपास आला. लोक बदलले नव्हते. 'झालाच नाही' आणि 'अशक्य' यांची गाठ अनेकांना सुटली नव्हती.

मराठीत हा सापळा जास्तच जवळ आहे. 'लेखात चित्रं नसावीत असं तुम्हाला वाटत नाही का?' याला 'हो' आणि 'नाही' दोन्हींचा अर्थ एकच काढता येतो.

रिकामटेकडा
असं तुम्हाला वाटत नाही का असं मला वाटत नाही.

बोरूबहाद्दर
@रिकामटेकडा, लोल. याचा कौल घ्या.

लंबक
तांत्रिक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. लांबेल.

एक माणूस एक मत हे राखायचे मार्ग तीन, आणि तिन्ही गळके. कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) ठेवली तर खासगी खिडकी उघडून किंवा कुकी पुसून पुन्हा मत देता येतं. आयपी पत्त्यावर अडवलं तर उलटी अडचण: मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, कचेऱ्या आणि वसतिगृहंही तशीच. पहिल्याने मत दिलं की बाकीच्यांना 'तुम्ही आधीच मत दिलं आहे' असा निरोप येतो, आणि ते कायमचे निघून जातात. सदस्यनाम बंधनकारक केलं तर फसवणूक बरीच कमी होते, पण ज्या गप्प वाचकासाठी कौल मांडला तोच दाराबाहेर राहतो. म्हणून हलक्याफुलक्या कौलाला कुकी पुरे, निर्णयाच्या कौलाला सदस्यनाम. आयपीवर अडवणं दोन्हीकडे टाळा. फार तर एका पत्त्यावरून मिनिटाला किती मतं येतात यावर मर्यादा घाला.

दुसरं, निकाल कधी दाखवायचा. मत देण्याआधी पट्ट्या दिसल्या की लोक एकतर जिंकणाऱ्याच्या मागे जातात किंवा हरणाऱ्याची दया येऊन तिकडे. दोन्हीत स्वतःचं मत बाजूला पडतं. म्हणून मत दिल्यावरच निकाल दिसू द्या. पण मग ज्याला फक्त निकाल बघायचा आहे तो काहीही दाबतो, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यावर उपाय साधा: शेवटी 'मत नाही, फक्त निकाल पाहू द्या' असा वेगळा दुवा. ही संख्या टक्क्यांत धरायची नाही.

तिसरं, क्रम. डोळ्यांनी वाचायच्या यादीत वरच्या पर्यायांना उगाच जास्त मतं पडतात; तोंडी विचारलं तर शेवटच्या पर्यायांना. पर्यायांत मुळातच क्रम नसेल (विषयांची यादी वगैरे) तर प्रत्येक वाचकाला उलटसुलट क्रमाने दाखवा. गूगल फॉर्म्समध्ये पर्यायांचा क्रम बदलता ठेवायची सोय आहे. 'इतर' मात्र तळालाच बांधून ठेवा, नाहीतर ते मध्येच कुठेतरी उगवतं आणि हास्यास्पद दिसतं. आणि 'खूप कमी, कमी, योग्य, जास्त' अशी मोजपट्टी कधीही पिसू नका.

चौथं, कौल सुरू झाल्यावर पर्यायाचा शब्दही बदलायचा नाही. टंकनचूक असली तरी खाली टीप द्या. 'मोठे लेख'चं 'सविस्तर लेख' केलंत तर आधीच्या चाळीस जणांनी ज्यावर मत दिलं ते वाक्य आता तिथे नाही. नवा पर्याय मध्येच जोडणं त्याहून वाईट, कारण आधी आलेल्यांना तो मिळालाच नव्हता. चूक मोठी असेल तर बंद करा, नवा उघडा, जुना तसाच दिसू द्या.

अर्धविराम
@लंबक, दंडवत. 'फक्त निकाल पाहू द्या' डोक्यातच आलं नव्हतं. शंभरातली किती मतं तशी असतील कोण जाणे.

@शून्यपूर्णांक, मला दोन्ही हवं आहे हे कबूल. लांबीचा प्रश्न निर्णयाचा आहे, बाकी ठिणगीचे चालतील.

चकमक
मुळात शंभर मतांवर तीन प्रतिसाद हे वाईट का मानताय? वाचकांच्या सहभागाबद्दल संकेतस्थळांचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा २००६ सालचा ढोबळ ठोकताळा आहे, ९०-९-१. नव्वद टक्के फक्त वाचतात, नऊ टक्के अधूनमधून काही करतात, एक टक्का सतत लिहितो. टिचकी मारणं हे त्या नव्वदांसाठीच आहे. त्यांना लिहितं करायचा हट्ट कशाला? कौलाचं काम त्या टिचकीपाशी संपलं असं माना.

घुबड
@चकमक, संपलं असं का मानायचं? टिचकी आणि प्रतिसाद यांच्यात एक पायरी टाकता येते. मत दिल्या दिल्या, निकालाच्या पट्ट्यांखालीच, एक ओळीची चौकट: 'हे का निवडलंत? एका वाक्यात.' चौकट रिकामी ठेवायची मुभा हवी. 'तुमचं मत मांडा' असं सरसकट आवाहन असलं की माणसाला निबंध लिहावा लागेलसं वाटतं. आणि चौकटीच्या वर त्याने निवडलेला पर्याय पुन्हा दाखवायचा: 'तुम्ही म्हणालात: लेख छोटे हवेत. कुठला भाग कापला असता?' आता त्याला उत्तर द्यायला काहीतरी हातात आहे.

दुसरी युक्ती म्हणजे 'इतर' हा पर्याय दोनदा वापरणं. पहिल्या आठवड्यात लोक 'इतर'मध्ये जे लिहितात, त्यातलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं उचलून पुढच्या कौलात स्वतंत्र पर्याय करा आणि तसं सांगा. आपलं लिहिलेलं वर सरकलेलं दिसलं की माणूस परत येतो.

मध्यक
'इतर'बद्दल एक मोजमाप: साधारण दहातल्या एकाहून जास्त लोक 'इतर' दाबत असतील तर पर्यायांची यादी तुम्ही स्वतःच्या डोक्यातून काढली आहे, वाचकांच्या नाही. असा कौल पुन्हा मांडावा. हा माझा ठोकताळा, शास्त्र नव्हे.

पाणबुडी
निर्णयाच्या कौलात अजून एक खड्डा आहे, मतविभागणी. समजा पुढच्या विषयासाठी ६० जणांनी मतं दिली:

ग्रह: १८
तारे: १९
खडक: २३

खडक जिंकले. पण ३७ जणांना आकाश हवं होतं आणि त्यांचं मत दोन वाटांनी फुटलं. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एकच पर्याय घेणाऱ्या रेडिओ बटणाऐवजी चौकोनी खुणा द्या आणि 'जे जे चालतील ते सगळे निवडा' म्हणा. ग्रहवाल्यांतले बहुतेक ताऱ्यांवरही खूण करतील आणि खरा कल वर येईल. फक्त मग टक्के मतांवर काढू नका, मतदारांवर काढा; बेरीज शंभरच्या वर जाणार, आणि कोणीतरी येऊन 'गणित कच्चं आहे का?' विचारणारच. पट्ट्यांखाली 'एकाहून अधिक पर्याय निवडता येत होते' हे वाक्य आणि मतदारांची एकूण संख्या लिहून ठेवा.

शून्यपूर्णांक
@पाणबुडी, मग थेट पसंतीक्रमच का नको? पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला शून्य. बोर्दा यांची पद्धत.

पाणबुडी
कारण वाचकाने दहा सेकंदांत उठून जायचंय. तीन पर्यायांचा क्रम लावणं जमतं, सात पर्यायांचा लावताना लोक वरचे दोन विचारपूर्वक लावतात आणि खालचे जसे आले तसे सोडतात. शिवाय बोर्दा पद्धतीत डाव खेळता येतो: आपल्या लाडक्याच्या मुख्य स्पर्धकाला मुद्दाम तळाला ढकलायचं.

आणि क्रम लावून सगळं सुटतं असंही नाही. तीन वाचक घ्या. पहिला म्हणतो ग्रह, तारे, खडक. दुसरा म्हणतो तारे, खडक, ग्रह. तिसरा म्हणतो खडक, ग्रह, तारे. आता जोडीजोडीने बघा: ग्रह ताऱ्यांना दोन-एकने हरवतात, तारे खडकांना दोन-एकने, आणि खडक ग्रहांना दोन-एकने. जिंकलं कोण? फ्रेंच गणिती कोंदोर्से यांनी हा पेच १७८५ साली मांडला.

रिकामटेकडा
जिंकला धागाकर्ता. आता तो त्याला हवा तोच विषय घेणार.

बोरूबहाद्दर
अवांतर: प्रत्येक कौलात एक वात्रट पर्याय असावाच असं माझं ठाम मत आहे. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या कौलांत 'काउबॉयनील' हा पर्याय वर्षानुवर्षं असायचा, आणि लोक त्यासाठीच कौल उघडायचे. वात्रट पर्यायामुळे फालतू मतं एका डब्यात गोळा होतात आणि बाकीचे डबे स्वच्छ राहतात.

खोडरबर
@बोरूबहाद्दर, ठिणगीच्या कौलात चालेल. निर्णयाच्या कौलात वात्रट पर्याय कधी जिंकेल सांगता येत नाही. २०१६ मध्ये ब्रिटनच्या नैसर्गिक पर्यावरण संशोधन परिषदेने नव्या संशोधन जहाजाचं नाव लोकांना विचारलं. 'बोटी मॅकबोटफेस' या नावाला सव्वा लाखाच्या आसपास मतं पडून ते पहिलं आलं. जहाजाला शेवटी सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलं आणि बोटी मॅकबोटफेस हे नाव जहाजावरच्या एका स्वयंचलित पाणबुडीला गेलं.

पाणबुडी
पाणबुडीला काय नावं ठेवता राव!

चकमक
तो किस्सा नेहमी 'लोकांना विचारू नका' म्हणून सांगितला जातो, तसं नाही. लोकांना वाटलं की पहिलं येईल ते लागणार, आणि विचारणाऱ्याने अखेरचा निर्णय स्वतःकडे ठेवला होता. कौलाच्या प्रश्नाखालीच एक ओळ हवी: हा कौल बंधनकारक आहे की सल्ला आहे, कधी बंद होणार, आणि निकालाचं काय होणार. 'रविवारी रात्री बंद. पहिल्या दोन विषयांतून एक मी निवडेन.' एवढं पुरे. नंतर कोणी ओरडलं तर त्या ओळीकडे बोट दाखवता येतं.

एकगठ्ठा मतदानाचं म्हणाल तर २००९ साली टाइम मासिकाच्या प्रभावशाली व्यक्तींच्या ऑनलाइन कौलात काही टोळभैरवांनी यंत्राने मतं टाकून आपला माणूस पहिला आणलाच, वर पुढच्या नावांचा क्रम असा लावला की आद्याक्षरं जुळून एक संदेश तयार झाला. टाइमला जिथे अडवता आलं नाही तिथे तुमची कुकी काय अडवणार? बक्षीस, मान किंवा भांडण गुंतलं असेल तिथे उघडा कौल टाकूच नये.

दुर्बीण
सगळे 'निकाल', 'टक्के' म्हणताहेत म्हणून एक थंड पाण्याची बादली. यदृच्छेने निवडलेला नमुना असता तर चुकीची मर्यादा ढोबळमानाने एक भागिले मतांच्या संख्येचं वर्गमूळ. १०० मतांना दहा टक्के इकडे-तिकडे, ४०० ना पाच, १००० ना तीनच्या थोडं वर. ४० मतांत २२ विरुद्ध १८ झालं तर ५५-४५ दिसतं, पण मर्यादा सोळा टक्क्यांची आहे, म्हणजे काहीच ठरलेलं नाही. आणि हे सूत्रसुद्धा इथे लागू नाही, कारण तुमचे मतदार यदृच्छेने आलेले नाहीत, हौसेने आलेले आहेत.

हौसेने येणाऱ्यांची संख्या वाढवून ही उणीव भरून निघत नाही. लिटररी डायजेस्ट या अमेरिकी साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, तेवीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि लँडन ५७ टक्के मतं घेऊन रूझवेल्ट यांना हरवणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट साठाच्या वर टक्के घेऊन निवडून आले, लँडन यांना दोन राज्यं मिळाली. याद्या दूरध्वनी आणि मोटारगाडी असणाऱ्यांच्या होत्या हे सगळे सांगतात; पण पत्रिका परत पाठवायची तसदी कोणी घेतली, हाही तितकाच मोठा घोळ होता. त्याच निवडणुकीत जनमत चाचणी घेणाऱ्या गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

लेख छोटे हवेत हे कोण सांगेल? जे शेवटपर्यंत आले तेच, कारण कौल शेवटी आहे. ज्यांना लांबी असह्य झाली ते तिसऱ्या परिच्छेदातच निघून गेले. लांबीचा कौल लेखाच्या तळाशी ठेवणं म्हणजे आगगाडी चुकलेल्यांची मोजणी गाडीच्या डब्यात करणं.

अर्धविराम
@दुर्बीण, आई गं. हे शंभर टक्के खरं आहे आणि सहा भाग झाले तरी लक्षात आलं नव्हतं.

लंबक
मग तो कौल वर, पहिल्या परिच्छेदानंतर ठेवा आणि मागच्या भागाबद्दल विचारा: 'मागचा भाग कुठपर्यंत वाचलात?' पर्याय: शेवटपर्यंत, निम्म्याच्या पुढे, निम्म्याच्या आत, उघडला नाही. मत विचारण्यापेक्षा वर्तन विचारणं केव्हाही चांगलं. 'लांबी आवडते का' याला लोक शिष्टाचाराने उत्तर देतात, 'कुठे थांबलात' याला खरं.

पट्टे पाडताना कड एकमेकांवर चढू देऊ नका हं. '५ ते १० मिनिटं, १० ते १५ मिनिटं' असं लिहिलं की दहा मिनिटंवाला दोन्हीकडे बसतो.

शून्यपूर्णांक
दुर्बीण यांचं गणित बिनचूक, पण म्हणून कौल फुकट जात नाही. अंदाजाचे कौल घ्या, तिथे नमुना कुणाचा याने तितकं बिघडत नाही आणि वाचक खिळून राहतो. लेखात जो आकडा येणार आहे तो लेखाच्या सुरुवातीला ओळखायला सांगायचा, उत्तर मध्यावर. ज्याने आकडा लावला आहे तो उत्तरापर्यंत वाचणारच.

इंग्रज संशोधक गॅल्टन यांचा १९०७ चा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला लेख याच गंमतीचा. एका जत्रेत बैलाचं कापून सोललेलं वजन ओळखायची स्पर्धा होती. ७८७ वाचनीय चिठ्ठ्यांचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) १२०७ पौंड, खरं वजन ११९८.

पण अंदाज घेताना दोन पथ्यं. आकडा स्वतः लिहू द्या, ठरलेले पट्टे देऊ नका, कारण पट्टे दिले की लोक मधला पट्टा पकडतात. आणि दुसऱ्यांचे अंदाज आधी दाखवू नका. ते दिसले की सगळे एकाच आकड्याभोवती घोटाळतात आणि चुका एकमेकींना खोडत नाहीत. निकाल काढताना मध्यकच घ्या. एखाद्या महाभागाने ९९९९९९ लिहिलं तर सरासरी कोलमडते, मध्यक हलत नाही.

रिकामटेकडा
मी ९९९९९९ लिहिणार होतो. गंमत घालवली.

घुबड
ठिणगीसाठी अजून एक: आधी-नंतरचा कौल. लेखाच्या वर एकदा मत, वाचून झाल्यावर पुन्हा तेच. किती जण पलटले हे दिसलं की चर्चा आपोआप होते: 'तुम्ही का पलटलात?'

मध्यक
@घुबड, निनावी कौलात ते दिसत नाही. आधी ६०-४०, नंतरही ६०-४०. कोणीच हललं नाही, की १५ जण इकडून तिकडे आणि १५ तिकडून इकडे गेले? दोन्हींत पट्ट्या सारख्याच. शिवाय खालचा कौल फक्त तळापर्यंत पोचलेले देतात, म्हणजे माणसंच वेगळी. सोपा उपाय, तळाशी एकच कौल आणि चार पर्याय: आधी हो, आताही हो. आधी हो, आता नाही. आधी नाही, आता हो. आधी नाही, आताही नाही.

खोडरबर
आणि मग लोक आधीपासूनच शहाणे होते असं निघतं. वाचून झाल्यावर आपलं आधीचं मत नीट आठवत नाही; ते नव्या माहितीकडे सरकतं. सदस्यनामाला दोन्ही मतं जोडता येत असतील तरच हा प्रयोग निर्णयाला वापरा. चर्चेसाठी चालू द्या.

चावी
वाचतेय सगळं, खूप उपयोगी धागा. ज्यांच्याकडे स्वतःची यंत्रणा नाही त्यांच्यासाठी थोडं. व्हॉट्सॲपच्या कौलात कोणी काय निवडलं हे गटातल्या सगळ्यांना दिसतं, म्हणून नाजूक प्रश्न तिथे विचारू नका. बारा पर्यायांपर्यंत मुभा आहे, पण पाच-सहाच्या पुढे जाऊ नये. टेलिग्रामवर निनावी ठेवता येतो, आणि प्रश्नमंजुषेचा प्रकारही आहे. एक्सवर चारच पर्याय, प्रत्येकी २५ चिन्हं, मुदत जास्तीत जास्त सात दिवस. लिंक्डइनवर कौल टाकणाऱ्याला प्रत्येकाचं मत कळतं, हे मतदारांच्या लक्षात नसतं.

चिन्हांची मर्यादा देवनागरीला लवकर चावते. युनिकोडमध्ये 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसलं तरी ती सहा चिन्हं आहेत. पर्याय आधी लिहून मोबाइलच्या अरुंद पडद्यावर बघा. दुसऱ्या ओळीवर गेलेला पर्याय लोक अर्धाच वाचतात, आणि पाचवा पर्याय पडद्याखाली गेला तर त्याला मतं पडत नाहीत, मग तो कितीही चांगला असो.

चकमक
+१. आणि दर भागाला कौल नको. तीन-चार भागांत एक. सतत विचारत राहिलं आणि काहीच बदललेलं दिसलं नाही की लोक विचारणाऱ्याकडे बघेनासे होतात. बंद झाल्यावर निकाल, एकूण मतदार आणि त्यावरून काय केलं, एवढं पुढच्या भागाच्या डोक्यावर लिहा. 'कौलानुसार काहीच बदललं नाही, कारण असं' हेही चालतं. गप्प राहणं चालत नाही.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. नवा मसुदा. जागा: सातव्या भागात, पहिल्या परिच्छेदानंतर.

सहावा भाग कुठपर्यंत वाचलात?
१. शेवटपर्यंत
२. निम्म्याच्या पुढे, पण अर्धवट
३. निम्म्याच्या आत
४. उघडला नाही
(मत नाही, फक्त निकाल पाहू द्या)

रविवारी रात्री बंद. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाला मिळून पहिल्यापेक्षा जास्त मतं पडली तर आठव्या भागापासून लेख दोन तुकड्यांत येतील. मत दिल्यावर पर्यायानुसार एक ओळीची चौकट: १ ला 'कुठला भाग कापला असता?', २ आणि ३ ला 'कुठे सोडलात, आठवतं का?', ४ ला काही नाही.

खोडरबर
बरंच सुधारलं. दोन गोष्टी. 'निम्म्याच्या पुढे, पण अर्धवट' ऐवजी 'निम्म्याच्या पुढे, पण शेवटपर्यंत नाही' करा. 'अर्धवट' शब्दात थोडी शिवी आहे, लोक तो टाळून पहिल्यावर टिचकी मारतील. आणि चौथ्याला चौकट का नाही? सहावा भाग न उघडता जो सातव्याला आला, त्यालाच विचारा इकडे कसा पोचला.

दुर्बीण
आणि कौल उघडायच्या आधी लिहून ठेवलेला तो निर्णयाचा नियम नंतर बदलायचा नाही. ४९-५१ झालं की हात शिवशिवतील.

अर्धविराम
@खोडरबर, दोन्ही बदल केले. ४ ला: 'इथे कसे पोचलात?'
@दुर्बीण, ४९-५१ झालं तर काय हे आत्ताच ठरवतो: फरक दहा मतांच्या आत असेल तर काहीही बदलणार नाही, आणि तसं कौलाखाली लिहितो.

रिकामटेकडा
मी सहावा उघडला नव्हता. या धाग्यावरून पोचलो. आता चौकटीत हेच लिहू का?